जुन्या रायफलींवरचे ठप्पे पुसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात जुन्या लष्करी शस्त्रांच्या प्रदर्शनाचे सचित्र वृत्त आले आहे. मधल्या मोठ्या छायाचित्राखाली ‘१९१७ सालची ली-एनफिल्ड रायफल, सर्व भाग मूळचे’ अशी ओळ आहे. वृत्ताच्या शेवटी असेही म्हटले आहे की, संग्रहातल्या उरलेल्या रायफलींचे न जुळणारे भाग बदलून आणि नंबर एकसारखे करून त्या ‘मूळ रूपात’ आणण्याचे काम लवकरच हाती घेतले जाणार आहे. छायाचित्राखालची ओळ चुकीची आहे, पण ती दुरुस्त करता येईल. दुसरे काम एकदा झाले की त्याला दुरुस्ती नाही. ते थांबावे म्हणून हे पत्र. विषय सविस्तर मांडल्याशिवाय पटणार नाही, तेव्हा लांबी पोटात घालावी.

मी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये आर्मोरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा कारागीर, होतो. थ्री-नॉट-थ्री, म्हणजे हीच ली-एनफिल्ड, मी खोलली आहे, गेजवर, म्हणजे मापाच्या ठोकळ्यांवर, तपासली आहे, तिचे तुटलेले भाग बदलले आहेत आणि नव्या भागांवर नंबरचे ठप्पेही मारले आहेत. म्हणून सांगतो, ‘सर्व भाग मूळचे’ हे शब्द कुठल्याही फौजी रायफलीबद्दल इतक्या सहज लिहू नयेत.

छायाचित्रच पाहा. बट, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता, जिथे लोखंडात बसतो त्या बट सॉकेटच्या उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली राजा जॉर्जची ‘जी.आर.’ ही अक्षरे, मग एनफिल्डचे नाव, १९१७ हे साल आणि ‘मार्क तीन’ या नमुन्याचा रोमन आकडा, पुढे तारा. म्हणजे बॉडी, अर्थात बॅरल आणि बोल्ट ज्यात बसतात तो लोखंडी सांगाडा, इंग्लंडमधल्या एनफिल्ड कारखान्यातली आणि १९१७ची. इथवर बरोबर. पण पुढच्या लाकडातून, म्हणजे फोर-एंडमधून, एक आडवा स्क्रू आरपार गेलेला स्पष्ट दिसतो. लाकूड फुटू नये म्हणून असा स्क्रू घालण्याची पद्धत ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची. हुगलीच्या काठावरचा हा कारखाना, आणि जगभरचे संग्राहक या स्क्रूला ‘ईशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात. तेव्हा ते लाकूड १९१७ साली एनफिल्डहून निघाले तसे राहिलेले नाही, ते नंतर भारतातल्या दुरुस्तीतून गेलेले आहे. शेजारच्या जवळून घेतलेल्या छायाचित्रात बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या, मुठीमागचा नंबर वाचता येतो. त्याच्या आधीचे अक्षर बॉडीवरच्या नंबराआधीच्या अक्षराशी जुळत नाही. आकडे जवळपास सारखे आहेत, म्हणून कदाचित कुणाच्या लक्षात आले नसेल. पण अक्षर हा नंबराचाच भाग असतो. अक्षर वेगळे म्हणजे रायफलच वेगळी.

याचा अर्थ ती रायफल बनावट आहे असा मुळीच नाही. मला तर ती ‘सर्व भाग मूळचे’ असलेल्या रायफलीपेक्षा जास्त मोलाची वाटते. इंग्लंडमध्ये घडली, भारतात आली, इथल्या कारागिराने तिच्या लाकडात आडवा स्क्रू घातला किंवा लाकूडच नवे चढवले, आणि कुठल्याशा कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रकोठारात, तिचा बोल्ट दुसरीच्या बोल्टशी बदलला गेला. हे सगळे त्या लोखंडावर आणि लाकडावर लिहिलेले आहे. आता कुणी तो आडवा स्क्रू असलेला फोर-एंड काढून बाहेरून मिळवलेले इंग्लिश लाकूड चढवणार आणि बोल्टवरचा नंबर घासून बॉडीचा नंबर ठोकणार असेल, तर त्या रायफलीचा भारतातला सगळा काळ पुसला जाईल. शिवाय पाहणाऱ्याला वाटेल की हीच खरी.

ली-एनफिल्डचा नंबर एकाच जागी नसतो. मार्क तीन रायफलीत तो बॉडीच्या पुढच्या कड्यावर उजवीकडे, त्याला लागून बॅरलवर, बोल्टच्या मुठीच्या मागच्या बाजूला, तोंडाशी असलेल्या नोज कॅपवर, बॅकसाइटच्या, म्हणजे नेम धरायच्या मागच्या साइटच्या, पट्टीच्या खालच्या अंगाला आणि फोर-एंडच्या पोटाशी, नोज कॅपच्या मागे लाकडावर, असा पडतो. नंतरच्या नंबर चार रायफलीत तो बट सॉकेटच्या डाव्या बाजूला आला. तपासणारे बहुतेक जण बॉडी आणि बोल्ट पाहतात आणि थांबतात. बॅकसाइटची पट्टी उचलून तिच्याखाली बघायला काही लागत नाही, पण ते कुणी करत नाही. फोर-एंडवरचा नंबर तर तेलाच्या आणि मळाच्या थराखाली दडलेला असतो. तो शोधायला सँडपेपर लावला की संपलेच. मऊ ब्रश, तिरका उजेड आणि भिंग एवढे पुरते. लाकडावर पातळ कागद धरून पेन्सिलीने हलके घासले तर डोळ्यांना न दिसलेला आकडाही कागदावर उमटतो.

पण सहाही जागी नंबर जुळला म्हणून भाग मूळचे ठरत नाहीत, ही या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट. आर्मोरर नवे बॅरल बसवतो तेव्हा त्यावर बॉडीचाच नंबर मारतो, आणि नवी नोज कॅप बसवली तरी तेच करतो. तो नियमच आहे, त्यात लपवाछपवी नाही. त्यामुळे नंबर जुळतो, पण भाग वीस वर्षांनंतरचा असू शकतो. म्हणून नंबराच्या बरोबरीने साल पाहावे लागते. बॅरलच्या मागच्या जाड भागावर, ज्याला आम्ही नॉक्स फॉर्म म्हणतो, त्यावर बॅरलची स्वतःची चिन्हे असतात. हँडगार्ड, म्हणजे बॅरलवरचे लाकडी आवरण, उचलल्याशिवाय त्यातली बरीचशी दिसत नाहीत. बॉडी १९१७ची आणि बॅरल त्यापुढच्या कितीतरी सालचे, असे सर्रास आढळते. बॅरल बॉडीपेक्षा थोडे आधीचे निघाले तर मात्र लगेच शंका घेऊ नये. कारखान्यात बॅरले आधी तयार होऊन पडलेली असत.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खुणा एकाच रायफलीवर दिसल्या म्हणजे ती नंतर जुळवलेली, असेही नाही. पहिल्या महायुद्धात मागणी एवढी वाढली की ब्रिटनने सुटे भाग निरनिराळ्या कंपन्यांकडून बनवून घेऊन रायफली जोडण्याची एक योजनाच चालवली. तिला ‘पेडल्ड स्कीम’ म्हणत. त्या रायफली जन्मतःच चार ठिकाणच्या भागांच्या असत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने एम-वन कार्बाइन दहा मुख्य कंपन्यांकडून बनवून घेतली आणि एकीला कमी पडलेले भाग दुसरीकडून सर्रास पुरवले जात. अशी कार्बाइन ‘एकाच कंपनीची’ करण्याच्या हौसेपायी लोकांनी तिचे जन्माचे भाग काढून फेकले आहेत.

म्हणून जुळणे या गोष्टीला प्रत्येक देशात वेगळा अर्थ आहे, हे आधी समजून घ्यायला हवे. जर्मन के-९८-के माउझरवर बॉडी, बॅरल, बोल्ट यांना पूर्ण नंबर आणि बारीकसारीक भागांना, स्क्रूंच्या डोक्यांनासुद्धा, शेवटचे दोन आकडे असत. तिथे एक स्क्रू बदलला तरी कळते. अमेरिकन गॅरंड रायफलीवर फक्त रिसीव्हरला, म्हणजे तिच्या बॉडीला, क्रमांक असे. बाकीच्या भागांवर कारखान्याच्या आराखड्याचा क्रमांक आणि बनवणाऱ्याचे चिन्ह. गॅरंडचे सर्व नंबर जुळतात असे कुणी म्हणाले तर त्या वाक्याला अर्थच नाही. तिथे भाग कोणत्या काळातल्या आराखड्याचा आहे आणि तो त्या रिसीव्हरच्या काळाशी बसतो का, हे पाहावे लागते. अमेरिकेच्या १९१७ नमुन्याच्या रायफलीत सगळ्यांत सोपे: रेमिंग्टनच्या भागांवर आर, विंचेस्टरच्या भागांवर डब्ल्यू आणि एडिस्टोनच्या भागांवर ई. पहिल्या महायुद्धानंतरच्या दुरुस्त्यांमध्ये ही तिन्ही अक्षरे मुक्तपणे मिसळली गेली, आणि आज तिन्ही अक्षरे असलेली रायफल हाच सामान्य प्रकार आहे.

सोव्हिएत दुरुस्ती केंद्रांचे काम या बाबतीत फार बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धात पकडलेल्या जर्मन माउझर त्यांनी हजारोंनी खोलल्या, भाग ढिगांत टाकले, सगळे एकत्र काळे केले आणि हाताला येईल त्या भागातून पुन्हा जोडले. मग बोल्टवर आणि इतर भागांवर विजेच्या लेखणीने किंवा ठप्प्याने बॉडीचा नंबर घातला. रशियन मोसिन-नागां रायफलींमध्ये पुष्कळदा जुना नंबर एका रेघेने खोडून शेजारी नवा मारलेला दिसतो, आणि बॅरलच्या मागच्या भागावर चौकोन आणि त्यातून तिरकी रेघ अशी दुरुस्तीची खूणही पुष्कळदा असते. याला जबरदस्तीने जुळवलेले नंबर म्हणतात. पण अशा रायफलींत त्या कारागिरांनी जुना नंबर नाहीसा केला नाही, त्यावर फक्त रेघ मारली. त्यामुळे आजही दोन्ही वाचता येतात. चांगल्या लष्करी दुरुस्तीची ही खूण असते: ती स्वतःला लपवत नाही. ब्रिटिश कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झाली की बाजूवर ‘एफ.टी.आर.’ (फॅक्टरी थरो रिपेअर) आणि साल कोरत. ज्याने काम केले त्याने सांगून ठेवले.

फसवणूक ओळखायची असेल तर ठप्प्यांचे वळण पाहावे. जुन्या पोथीत दोन लेखकूंचा हात जसा वेगळा ओळखू येतो, तसा प्रत्येक कारखान्याच्या ठप्प्यांचा हात ओळखू येतो. चारचे डोके उघडे की मिटलेले, सातचा पाय सरळ की वाकडा, तीनचे माथे गोल की सपाट, आकड्यांच्या मधले अंतर किती. एकाच माणसाने एकाच बैठकीत मारलेले आकडे एका रांगेत आणि एका खोलीचे असतात असे नाही. हाताने मारताना थोडे वर-खाली होतेच. पण वळण तेच राहते. नंतर मारलेल्या आकड्याच्या कडा उभ्या आणि तीक्ष्ण असतात, तळाशी चकाकी असते, आणि भोवतीचा काळा मुलामा ठोक्याने तडकलेला दिसतो. खरा जुना आकडा मुलाम्याच्या आधी मारलेला असेल तर त्याचा तळही काळाच असतो. बोल्टच्या मुठीमागे नखाने हलका खळगा लागला, तर तिथे आधी काहीतरी होते आणि ते घासले गेले आहे असे समजावे. घासलेल्या जागेवर नवा नंबर आणि शेजारी जुन्याचा मागमूस नाही, तर ते काम विकणाऱ्याचेही असू शकते.

आता मार्क तीन आणि मार्क तीन तारा यांच्याबद्दल, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात. पहिल्या महायुद्धाच्या मध्यावर उत्पादन वाढवण्यासाठी मार्क तीनमधून काही गोष्टी वगळल्या आणि नव्या नमुन्याला तारा लावला. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, बंद ठेवणारी कट-ऑफची पट्टी गेली, लांब पल्ल्याच्या साइट गेल्या, बॅकसाइटला वाऱ्यासाठी डावी-उजवी करण्याची सोय गेली. बोल्टच्या मागच्या टोकाचा कॉकिंग पीस पूर्वी गोल गुंडीचा होता, तो चपटा, खाचांचा झाला. बटच्या उजव्या बाजूला पलटणीची खूण कोरायला पितळी चकती असे, तीही वगळली. त्यामुळे तारा असलेल्या बॉडीवर लांब पल्ल्याची साइट बसवलेला फोर-एंड दिसला की विचारावे, हे लाकूड कुठून आले. पण घाई इथेही नको. बदल एका दिवसात सगळीकडे झाला नाही, शिल्लक जुने भाग संपेपर्यंत वापरले गेले. मधल्या काळातली अशी रायफल खरीच मिश्र असू शकते.

ईशापूरच्या रायफलींवर ‘जी.आर.’ऐवजी ‘जी.आर.आय.’ असते. राजा इथे सम्राट म्हणून. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले आणि ‘आर.एफ.आय.’ (रायफल फॅक्टरी, ईशापूर) ही अक्षरे. भारत सरकारच्या मालकीच्या जुन्या रायफलींवर बाण आणि त्याखाली ‘आय’ हे अक्षर दिसते. कॅनडाच्या रायफलींवर ‘सी’ या अक्षराच्या पोटात बाण, ऑस्ट्रेलियाच्या रायफलींवर दोन ‘डी’च्या मध्ये बाण. एकाच रायफलीवर दोन देशांचे बाण असू शकतात, आणि तोच तिचा प्रवास. फिकट रंगाचे हलके लाकूड आणि आत बॉडी टेकते तिथे तांब्याच्या लहान पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या, तर ते लाकूड ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याचे. तिथले स्थानिक लाकूड मऊ, धक्क्याने दबे, म्हणून तांबे. अशी खूण नंबराशिवायही सगळे सांगते.

नंबर चार रायफलीत भाग ओळखणे तर अजून सोपे, कारण लहानसहान भागावरही बनवणाऱ्याचे चिन्ह असते. अमेरिकेतल्या सॅव्हेजच्या भागांवर चौकोनी वळणाचा ‘एस’, कॅनडातल्या लाँग ब्रांचच्या भागांवर ‘एल’ आणि ‘बी’, इंग्लंडमधल्या बी.एस.ए.च्या भागांवर ‘एम ४७’. यातला ‘एम’ म्हणजे मध्य इंग्लंडचा प्रदेश. कारखान्याचे नाव शत्रूला कळू नये म्हणून युद्धकाळात असे सांकेतिक क्रमांक दिले होते. सॅव्हेजच्या नंबरात ‘सी’ हे अक्षर येते, कारण कारखाना अमेरिकेतल्या चिकोपी फॉल्स या गावी होता. लाँग ब्रांचच्या नंबरात ‘एल’. सॅव्हेजच्या बॉडीवर बी.एस.ए.ची बॅकसाइट आणि लाँग ब्रांचचे बॅरल असेल, तर ती कुठल्यातरी दुरुस्तीतून गेलेली आहे. बॅरलमधून पाहिले आणि पाचऐवजी दोनच आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, दिसले, तर युद्धकाळातले घाईचे बॅरल. युद्धानंतरच्या रायफलीत ते आढळले तर ते जुन्या साठ्यातून आलेले.

कोणता भाग का बदलला जातो हे माहीत असले की निम्मे कोडे आपोआप सुटते. फोर-एंड बॉडीला जिथे टेकतो तिथे धक्क्याने फुटतो. हँडगार्ड पातळ, तो हाताळताना तुटतो. फोरसाइटचे, म्हणजे पुढच्या साइटचे, पाते नेम बसवताना मुद्दामच बदलतात, ते वेगवेगळ्या उंचीचे मिळते. ते मूळचे आहे का हा प्रश्नच गैरलागू. मॅगझिनचे ओठ वाकतात. बॅरल गंजते, आणि ते गोळ्या झाडून झिजण्याआधीच गंजते. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाने नळीत क्षार राहत, ते पाणी धरत. त्यासाठी गोळीबारानंतर बॅरलमधून उकळते पाणी ओतायची शिस्त होती. ज्या तुकडीत ती पाळली गेली नाही तिथली बॅरले आधी गेली. बोल्ट मात्र सहसा मोडत नाही. तो बदललेला असला तर कारण बहुधा वेगळे असते. सुरक्षेसाठी बोल्ट रायफलीतून काढून वेगळ्या पेटीत ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती आणि आहे. पेट्या वेगळ्या हलवल्या, रायफली वेगळ्या गेल्या, आणि बसवताना नंबर वाचायचा कंटाळा केला, की झाली अदलाबदल. जगभरच्या वापरून काढलेल्या रायफलींत इतर सगळे जुळून फक्त बोल्ट परका असतो, त्याचे हे साधे कारण.

आणि बोल्ट परका असणे ही एकच गोष्ट अशी आहे जी इतिहासाच्या पलीकडे, जिवाशी संबंधित आहे. जिथे जुन्या रायफलींनी अजून नेमबाजी होते त्या क्लबांनी हा परिच्छेद तरी वाचावा. बोल्ट कारखान्यात त्या-त्या बॉडीला घासून बसवलेला असतो, दोन्ही बाजूंचे खटके, म्हणजे बोल्टला बॉडीत अडकवून धरणारे उंचवटे, सारखे टेकावेत म्हणून. दुसरा बोल्ट घातला तर तो सरकतो, बंद होतो, ठीक वाटतो. पण एकच खटका टेकत असेल तर सगळा जोर त्यावर जातो. शिवाय काडतुसाच्या कडेसाठी सोडलेली जागा बदलते. थ्री-नॉट-थ्रीसाठी लष्करी गेज ०.०६४ आणि ०.०७४ इंचांचे: पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. दुसऱ्यावर बंद झाला तर ती रायफल झाडायची नाही. जागा जास्त असली की पितळी पुंगळी बुडाजवळून फाटते आणि वायू मागे, झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. नंबर चारमध्ये यासाठी बोल्ट हेड शून्य ते तीन अशा चार मापांत मिळत, एकेक पायरी साधारण इंचाच्या तीन हजारांशाची. बोल्ट हेड हाताने फिरवून बदलता येते, म्हणून गेजशिवाय बदलणारेही निघतात. नंबर घासून जुळवलेल्या रायफलीत हा धोका लपतो, कारण पाहणारा म्हणतो, नंबर तर जुळतो आहे. निव्वळ या एका कारणासाठीसुद्धा नंबर जुळवण्याचा उद्योग गुन्ह्यासारखा मानायला हवा.

त्याच जातीचा दुसरा धोका ‘डी.पी.’ ठप्प्याचा. ही अक्षरे म्हणजे कवायतीपुरती रायफल. ती बॉडीवर, बॅरलवर, बोल्टवर, लाकडावर मारलेली असतात, कारण त्या रायफलीतला एखादा भाग तपासणीत बाद झालेला आहे. अशा रायफलीचा बोल्ट चांगल्या बॉडीत आला आणि ‘मूळ रूपात’ आणण्याच्या नादात कुणी ती दोन अक्षरे घासली, तर बाद ठरलेला भाग पुन्हा चांगला म्हणून फिरू लागतो. ‘डी.पी.’ अक्षरे कोणत्याही कारणासाठी पुसू नयेत.

प्रदर्शनाच्या आयोजकांना माझी सूचना अशी. रायफलीला हात लावण्याआधी तिची भागवार नोंद करावी: भाग, त्यावरचा नंबर, अक्षर, कारखान्याचे चिन्ह, साल, आणि तिरक्या उजेडात घेतलेले छायाचित्र. जे वाचता येत नाही तिथे ‘अवाच्य’ लिहावे, अंदाज लिहू नये. मग फलकावर लिहावे: ‘बॉडी एनफिल्ड, १९१७. फोर-एंडला ईशापूर पद्धतीचा स्क्रू, भारतातल्या दुरुस्तीतला. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा. बॅरल तपासायचे आहे.’ असा फलक वाचून एखादे कॉलेजचे पोर थांबेल, वाकून तो स्क्रू शोधेल. ‘सर्व भाग मूळचे’ वाचून ते पुढे जाते. ज्यांना तुटलेला भाग बदलावाच लागेल त्यांनी जुना भाग फेकू नये, चिठ्ठी बांधून त्याच रायफलीच्या नावाने ठेवावा, आणि नव्या भागावर कुठलाही नंबर मारू नये.

बॅरलवरची चिन्हे पाहायला लाकूड उतरवावे लागेल, आणि इथेच सर्वांत जास्त नुकसान होते, तेव्हा तेही सांगतो. मार्क तीन रायफलीत आधी बट सोडवायला कधीही जाऊ नये. बटच्या आतून जो लांब बोल्ट येतो त्याचे चौकोनी टोक पुढे फोर-एंडच्या मागच्या भागात बसवलेल्या पत्र्यात अडकलेले असते. बटकडून स्क्रूड्रायव्हर लावून तो फिरवला की ते टोक फिरते आणि फोर-एंडचे लाकूड आतून फोडते. बाहेरून काही दिसत नाही. आधी नोज कॅप, मग पट्ट्या आणि ट्रिगर गार्ड, मग फोर-एंड सरळ खाली ओढून काढायचा, कुठेही तिरका न करता. बटला त्यानंतरच हात लावायचा, आणि नोंदीसाठी त्याची गरज नसेल तर लावूच नये. पन्नास वर्षे टिकलेला ईशापूरचा फोर-एंड मी असा एका फिरकीत गेलेला पाहिला आहे. स्क्रूड्रायव्हरचे पातेही खाचेत घट्ट बसेल अशा रुंदीचे घ्यावे. जुन्या स्क्रूंची डोकी एकदा खरवडली की ती रायफल कुणीतरी अडाण्याने खोलली आहे हे कायमचे दिसत राहते.

आपला,
एक निवृत्त आर्मोरर